डॉक्टर हवेत तर घडवा: जगातल्या सगळ्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मे महिन्यात आपण जागतिक आरोग्य सभेसाठी जिनिव्हाला जमता आणि एका सभागृहात बसता, म्हणून हे पत्र आपणा सर्वांना एकत्रच लिहिते आहे. मला ज्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे तो कुणा एका मंत्र्याला एकट्याने सुटणारा नाही. एका देशाने डॉक्टरांचे पगार वाढवले की शेजारच्या देशातले दवाखाने ओस पडू लागतात. एखाद्या श्रीमंत देशाने वैद्यकीय शिक्षणाच्या जागा वर्षानुवर्षं गोठवून ठेवल्या की त्याची झळ दुसऱ्याच खंडातल्या जिल्हा रुग्णालयाला बसते.

मागणी सुरुवातीलाच सांगते. ज्या देशाला जितके डॉक्टर लागतात तितके त्याने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कॉलेजांत घडवावेत. दुसऱ्याने घडवलेला डॉक्टर घेतला तर घडवणाऱ्याला त्याची भरपाई द्यावी. आणि डॉक्टर किती आहेत हे मोजायचं तर रुग्ण जिथे आहे तिथे मोजावं.

आकडे आपल्याला पाठ असतील. तरी एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. ऑस्ट्रिया आणि नॉर्वेत हजार लोकांमागे पाचच्या आसपास डॉक्टर आहेत, जर्मनीत साधारण साडेचार, ब्रिटनमध्ये तीनहून थोडे अधिक. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया अडीच ते पावणेतीनच्या घरात. क्युबाचा आकडा या सगळ्यांच्या वर, आठच्या आसपास. दुसऱ्या टोकाला नायजर, चाड, मलावी. तिथे हजाराचं माप निरुपयोगी ठरतं, कारण दहा हजार लोकांमागेसुद्धा एक डॉक्टर पुरता भरत नाही. नॉर्वे आणि नायजर यांच्यात शंभरपटीहून मोठी दरी आहे. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच आपल्या अहवालात लिहिलं होतं की जगातल्या एकूण आजारपणाचा २४ टक्के भार आफ्रिका विभागावर आहे आणि जगातले फक्त ३ टक्के आरोग्य कर्मचारी तिथे आहेत. त्या वेळी तीव्र टंचाईचे देश ५७ मोजले गेले होते.

हजारामागे ०.०५ डॉक्टर हा आकडा कागदावर फार निरुपद्रवी दिसतो. त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर अडलेल्या बाळंतिणीचं उदाहरण घ्या. कळा सुरू होऊन रात्र उलटून गेली आहे, बाळाचं डोकं कटीच्या हाडांत अडकलं आहे आणि सिझेरियनशिवाय मार्ग नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात डॉक्टर एकच. तोच सकाळी वॉर्डात राउंड घेतो, तोच ओपीडी पाहतो, अपघाताचा रुग्ण आला की तोच टाके घालतो, आणि आज तो सरकारी बैठकीसाठी राजधानीत गेला आहे. भूलतज्ज्ञ नाहीच, कधी नव्हताही. पुढचं रुग्णालय एका दिवसाच्या वाटेवर. या वेळात त्या बाईच्या शरीरात काय होतं ते मंत्र्यांनी माहीत करून घ्यायला हवं. बाळाचं डोकं आणि हाड यांच्यामध्ये मूत्राशय व योनिमार्गामधला पडदा चेपला जातो. त्याचा रक्तपुरवठा तुटतो. काही दिवसांनी तो भाग झडतो आणि तिथे छिद्र पडतं. बाळ बहुतेक वेळा गेलेलं असतं. ती जगली तर पुढे तिला लघवीवर ताबा राहत नाही, अंगाला कायम वास येतो, घरातले तिला वेगळी बसवतात. श्रीमंत देशांतल्या तरुण डॉक्टरांनी हा आजार फक्त पुस्तकात वाचलेला असतो. वेळेवर केलेल्या एका शस्त्रक्रियेने तो पूर्ण टळतो.

ही शस्त्रक्रिया करायला नेहमी एमबीबीएस आणि वर स्त्रीरोगातली पदवी असलीच पाहिजे का, हा प्रश्न मोझांबिकने फार पूर्वी विचारला. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तिथले बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले, मग यादवी युद्ध पेटलं. १९८४ पासून त्या देशाने अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियेचं तीन वर्षांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हे लोक डॉक्टर नाहीत, पण सिझेरियन करतात, फुटलेली गर्भनलिका सांभाळतात, आतड्याला पीळ पडला तर पोट उघडतात. त्यांनी केलेल्या आणि डॉक्टरांनी केलेल्या सिझेरियनचे परिणाम संशोधकांनी ताडून पाहिले, तेव्हा फारसा फरक आढळला नाही. त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. सात वर्षांनी पाहिलं तर यांच्यातले बहुतेक जण जिल्हा रुग्णालयातच काम करत होते. त्याच रुग्णालयांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी तिथे एकही उरला नव्हता.

हे उदाहरण देताना मला एक धोका दिसतो, तोही लिहिते. ‘गरिबांना एवढं पुरे’ असं म्हणून हात झटकायला याचा वापर होऊ शकतो. तसा होता कामा नये. हे लोक अवघड शस्त्रक्रिया करतात आणि अनेक ठिकाणी त्यांना पगार, बढती, मान यांतलं काहीच त्या कामाच्या तोलाचं मिळत नाही. त्यांच्यामागे अनुभवी सर्जन हवा, रक्तपेढी हवी, गुंतागुंत झाली तर रुग्ण पुढे पाठवायला गाडी हवी. इथिओपियाने २००३ पासून गावोगावी आरोग्य सेविका नेमल्या, एका वर्षाचं प्रशिक्षण देऊन हजारो तरुणी कामाला लावल्या, आणि त्यामुळे खूप फरक पडला. पण त्यांनी ओळखलेला गंभीर रुग्ण ज्याच्याकडे पाठवायचा तो डॉक्टर तरीही लागतोच.

आता मोजणीबद्दल. ‘हजारामागे एक डॉक्टर हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष’ असं वाक्य किती देशांच्या संसदेत ऐकू येतं! संघटनेने निव्वळ डॉक्टरांसाठी असा निकष ठरवलेलाच नाही. तिने जी किमान संख्या दिली ती डॉक्टर, परिचारिका आणि सुईणी मिळून होती: २००६ मध्ये हजारामागे २.२८, आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी ४.४५. तरीही हजारामागे एक गाठला की सरकारं समाधानाने बसतात आणि तो गाठण्यासाठी मोजण्याच्या पद्धतीच वाकवल्या जातात. ग्रीस आणि पोर्तुगाल परवाना असलेला प्रत्येक जण धरतात. त्यात निवृत्त आले, परदेशी गेलेलेही आले. भारताने संसदेत ८३४ लोकांमागे एक डॉक्टर असा आकडा दिला, त्यात नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के उपलब्ध आहेत असं धरलं होतं आणि आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे साडेपाच लाखांवर वैद्यही मिळवले होते. प्रत्येक देशाला आपापली पद्धत आहे. जिनिव्हात मात्र हे सगळे आकडे एकाच तक्त्यात एकाखाली एक बसतात आणि त्यावरून धोरणं ठरतात.

शिवाय डॉक्टर असणं आणि डॉक्टर मिळणं यांत अंतर आहे. जपानमध्ये हजारामागे अडीचच्या आसपास डॉक्टर, तरी माणूस वर्षाला सरासरी बाराच्या आसपास वेळा डॉक्टरकडे जातो. दक्षिण कोरियात तर त्याहूनही अधिक. स्वीडनमध्ये डॉक्टर कितीतरी जास्त आणि भेटी वर्षाला तीनही नाहीत. जपानी लोक आपल्या व्यवस्थेबद्दल म्हणतात, तीन तास वाट पाहायची आणि तीन मिनिटं तपासणी. तिथे दार सहज उघडतं पण आत वेळ मिळत नाही, इतरत्र आत वेळ मिळतो पण दार उघडायला महिने लागतात. कॅनडासारख्या संपन्न देशात २०२२-२३ च्या एका मोठ्या पाहणीत ६० लाखांहून अधिक प्रौढांनी आपल्याला नेहमीचा फॅमिली डॉक्टर नाही असं सांगितलं. आणि गरीब देशांत राजधानीतल्या दोन-चार मोठ्या रुग्णालयांभोवती देशातले बहुतेक तज्ज्ञ एकवटलेले असतात. देशाची सरासरी काढली की ती राजधानीलाही लागू पडत नाही आणि खेड्यालाही नाही. म्हणून जिल्हावार मोजा, प्रत्यक्ष काम करणारे मोजा, आणि सर्जन, भूलतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ वेगळे मोजा. २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या शस्त्रक्रियाविषयक आयोगाने जगातले पाचशे कोटी लोक सुरक्षित आणि परवडणाऱ्या शस्त्रक्रियेपासून दूर आहेत असं सांगितलं. तज्ज्ञांचा हिशेब वेगळा ठेवला नसता तर हे कुणाला दिसलंच नसतं.

खरी नड मात्र मोजणीच्या पुढे आहे. डॉक्टर घडवायला बारावीनंतर दहा-बारा वर्षं जातात: पदवी, इंटर्नशिप, मग विशेष शिक्षण. त्यासाठी शिकवणारे डॉक्टर लागतात, म्हणजे आज डॉक्टर नसतील तर उद्याचे घडवणारेही नसतात. २०१० च्या सुमारास जगातली वैद्यकीय महाविद्यालयं मोजली गेली तेव्हा चीन, भारत, ब्राझील आणि अमेरिका या चार देशांत प्रत्येकी १५० हून अधिक होती, ३६ देशांत एकही नव्हतं, आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या २६ देशांत एक होतं किंवा तेही नव्हतं. मलावीचं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय १९९१ मध्ये सुरू झालं. अशा देशाच्या कॉलेजातून बाहेर पडलेला प्रत्येक पदवीधर म्हणजे अनेक वर्षांची सार्वजनिक गुंतवणूक असते. तो विमानात बसला की ती गुंतवणूक दुसऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि त्या व्यवहाराची पावतीसुद्धा कुणी फाडत नाही.

इबोलाच्या साथीने याची किंमत दाखवून दिली. २०१४ मध्ये लायबेरियात चाळीस लाखांहून अधिक लोकांसाठी पन्नासच्या आसपास डॉक्टर होते. त्या देशात शिकलेले त्याहून जास्त डॉक्टर तेव्हा अमेरिकेत काम करत होते. शेजारच्या सिएरा लिओनमध्ये केनेमाच्या सरकारी रुग्णालयात डॉ. शेख उमर खान होते. लासा तापावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं, रक्तस्राव करणाऱ्या विषाणूज्वरांचा देशातला सगळ्यात जाणता माणूस. इबोलाचे रुग्ण तपासताना त्यांनाच संसर्ग झाला आणि २९ जुलै २०१४ ला ते गेले. जागतिक बँकेच्या अभ्यासकांच्या हिशेबाप्रमाणे त्या साथीत लायबेरियाने आपल्या डॉक्टर, परिचारिका आणि सुईणींपैकी ८ टक्के गमावले, सिएरा लिओनने जवळजवळ ७ टक्के. जिथे शेकड्यांनी तज्ज्ञ आहेत तिथे एक गेला तर दुःख होतं, काम चालू राहतं. केनेमाचा एक माणूस गेला आणि त्याच्यासोबत देशाचं त्या विषयातलं बहुतेक ज्ञान गेलं.

डॉक्टर देश सोडतात याचा दोष मी त्यांना देणार नाही. महिनोनमहिने पगार थकतो, हातमोजे संपलेले असतात, सलग छत्तीस तास ड्यूटी करून रुग्ण दगावला की नातेवाइकांचा मार खावा लागतो, आणि पुढे शिकायचं तर देशात जागाच नसते. अशा वेळी बाहेर जाणारा माणूस आपल्या आयुष्याचा निर्णय घेत असतो. तो त्याचा हक्क आहे. २०२३ मध्ये नायजेरियाच्या संसदेत एक विधेयक आलं होतं, पाच वर्षं देशात काम केल्याशिवाय पूर्ण परवाना द्यायचा नाही असं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला कडाडून विरोध केला आणि मला तो विरोध योग्य वाटतो. दाराला कुलूप लावून डॉक्टर टिकत नाहीत.

मग कशाने टिकतात? घानाचं उदाहरण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिथले तरुण डॉक्टर स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र शिकायला ब्रिटनला जात आणि मोजकेच परत येत. १९८९ मध्ये अक्रा आणि कुमासीला हा अभ्यासक्रम देशातच सुरू झाला, परदेशी विद्यापीठांनी मदत केली पण पदवी घानाची. त्यातून तयार झालेले जवळपास सगळे तज्ज्ञ घानातच राहिले. ज्या वयात लग्न होतं, मुलं होतात, घर बांधलं जातं, त्या वयात माणूस जिथे शिकतो तिथेच त्याचं बस्तान बसतं. एवढी साधी गोष्ट, पण कितीतरी देशांच्या धोरणात ती नाही. रोमानियाचाही अनुभव आहे: २००७ मध्ये युरोपीय संघात गेल्यावर तिथले डॉक्टर पश्चिमेकडे धावले, २०१८ मध्ये सरकारी रुग्णालयांतले पगार मोठ्या प्रमाणात वाढवले तेव्हा तो ओघ मंदावला.

आता घेणाऱ्या देशांच्या मंत्र्यांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे.

अमेरिकेच्या संसदेने १९९७ मध्ये अर्थसंकल्प सावरण्याच्या कायद्यात मेडिकेअरच्या (वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पैशातून चालणाऱ्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, जागांवर मर्यादा घातली. लोकसंख्या वाढली, वृद्ध वाढले, ती मर्यादा जवळपास तशीच राहिली. २०२० च्या शेवटी मंजूर झालेल्या कायद्याने त्यात एक हजार जागांची भर पडली. अमेरिकेतल्या दर चार डॉक्टरांपैकी साधारण एक परदेशात शिकून आलेला आहे. ब्रिटनच्या नोंदवहीतल्या दहापैकी चार डॉक्टरांची पहिली पदवी परदेशातली आहे. स्वतःच्या मुलांना वैद्यकीय प्रवेश नाकारायचे, कारण एक-एक जागा महाग पडते, आणि मग तयार डॉक्टर बाहेरून आणायचे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं यालाच म्हणतात. ब्रिटनने २०२३ च्या मनुष्यबळ योजनेत इंग्लंडमधले वैद्यकीय प्रवेश २०३१ पर्यंत दुप्पट करून १५ हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. योजना चांगली आहे. सरकारं बदलली तरी ती बदलू नये, एवढीच विनंती.

जागा वाढवणं सोपं नाही हे दक्षिण कोरियात दिसलं. २००६ पासून तिथे वैद्यकीय प्रवेश वर्षाला ३,०५८ वर थांबलेले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एकदम २,००० जागा वाढवण्याची घोषणा केली आणि हजारो शिकाऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, तातडीच्या विभागांत रुग्णांना दारावरून परत पाठवलं गेलं. २०२५ ला जागा काही प्रमाणात वाढल्या, २०२६ साठी पुन्हा ३,०५८. डॉक्टरांचं म्हणणं मी वाचलं आहे. नुसती संख्या वाढवून खेड्यात आणि बालरोग, हृदयशस्त्रक्रिया यांसारख्या कष्टाच्या शाखांत कुणी जाणार नाही, तिथला मोबदला आधी सुधारा, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण रुग्णालय रिकामं करून तो मांडणं मला पटत नाही. आणि सरकारनेही जवळपास वीस वर्षं काही न करता एका दिवसात सगळं उलटवायला जायला नको होतं. दरवर्षी थोड्या-थोड्या जागा वाढत गेल्या असत्या तर ही वेळ आली नसती. जगातल्या वैद्यक संघटनांनाही माझं सांगणं आहे की प्रवेशाच्या जागा किती असाव्यात हे ठरवताना आपल्या सभासदांच्या उत्पन्नाचा विचार मधे आणू नका.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. काही देश परदेशी डॉक्टरांना व्हिसा देतात, नागरिकत्व देतात, पण त्यांची पदवी मानत नाहीत. परीक्षा देऊनही प्रशिक्षणाची जागा मिळत नाही. मग बालरोगतज्ज्ञ बाई दुकानात काउंटरवर उभी असते, सर्जन टॅक्सी चालवतो. मूळ देशाने डॉक्टर गमावला, नव्या देशाला तो मिळाला नाही, आणि त्या माणसाचे हात वर्षागणिक काम विसरत जातात. यात कुणाचंच भलं नाही. आलेल्यांना कामाला लावण्याची वाट लवकर मोकळी करा.

डॉक्टर खेड्यात जाण्याबद्दल जगाने बरंच करून पाहिलं आहे, त्यामुळे इथे नवा शोध लावायची गरज नाही. थायलंडने सत्तरच्या दशकापासून पदवीनंतर तीन वर्षं सरकारी सेवा सक्तीची केली आणि सेवा न करणाऱ्याला चार लाख बात (थायलंडचं चलन) दंड ठेवला. पैसे भरून सुटणारे निघालेच. पुढे त्यांनी खेड्यातलीच मुलं निवडून त्यांच्या भागातल्या रुग्णालयात शिकवायला सुरुवात केली. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठात १९७२ पासून प्रत्येक प्रांतातून मुलं घेतली जातात, फी प्रांत भरतात आणि मुलं आपल्या प्रांतात नऊ वर्षं काम करतात. जर्मनीच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने २०१९ मध्ये ग्रामीण डॉक्टरांसाठी प्रवेशाचा कोटा आणला: दहा वर्षं गावाकडे, करार मोडला तर अडीच लाख युरो. कॅनडाने २००५ मध्ये उत्तर ऑन्टॅरिओत वैद्यकीय महाविद्यालय काढलं, तिथल्याच मुलांसाठी, तिथल्याच गावांत शिकवणारं. या सगळ्यांतून हाती येतं ते इतकंच की त्या मातीतली मुलं घ्या, तिथेच शिकवा आणि त्यांना एकटं सोडू नका. नुसता बाँड हा कागद आहे.

क्युबाबद्दल न बोलता हे पत्र पुरं होणार नाही. १९५९ च्या क्रांतीनंतर तिथल्या सहा हजारांच्या आसपास डॉक्टरांपैकी जवळपास निम्मे काही वर्षांत देश सोडून गेले. त्या खड्ड्यातून तो देश जगातल्या सर्वाधिक डॉक्टरांच्या यादीत आला, १९६३ पासून इतर देशांना डॉक्टर पाठवू लागला आणि १९९९ मध्ये गरीब देशांतल्या मुलांसाठी हवानात वैद्यकीय विद्यापीठ काढलं. कमी पैशांत डॉक्टर घडवता येतात हे या देशाने दाखवलं, आणि श्रीमंत देशांकडे याला उत्तर नाही. पण बाहेर गेलेल्या त्याच डॉक्टरांच्या कमाईचा मोठा वाटा सरकार ठेवून घेतं, त्यांच्या येण्याजाण्यावर बंधनं असतात. ब्राझीलच्या दुर्गम भागांत २०१३ पासून हजारो क्युबन डॉक्टर काम करत होते. २०१८ मध्ये या अटींवरून राजकीय वाद पेटला आणि क्युबाने त्यांना माघारी बोलावलं. ज्या वस्त्यांना पहिल्यांदा डॉक्टर मिळाला होता त्या काही आठवड्यांत पुन्हा डॉक्टराविना झाल्या. दुसऱ्याच्या डॉक्टरांवर विसंबून राहणाऱ्या देशाच्या वाट्याला हे कधीही येऊ शकतं, तो गरीब असो वा श्रीमंत.

आपल्याच सभेने २१ मे २०१० ला आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीची आचारसंहिता संमत केली. तिच्यात लिहिलं आहे की टंचाई असलेल्या देशांतून भरतीची मोहीम चालवू नये, आपलं मनुष्यबळ आपण घडवावं, आणि भरतीचा फायदा दोन्ही देशांना व्हावा. शब्द चांगले आहेत. पण ती ऐच्छिक आहे. २०२३ मध्ये संघटनेने संरक्षणाची गरज असलेल्या ५५ देशांची यादी काढली. त्याआधी २०२० मध्ये त्यांची संख्या ४७ होती. म्हणजे आचारसंहिता असतानाही यादी वाढते आहे.

म्हणून आपल्यासमोर ठोस मागण्या ठेवते. या ५५ देशांत जाऊन डॉक्टर गोळा करणाऱ्या भरती संस्थांना, त्या सरकारी असोत वा खासगी, कायद्याने मनाई करा. स्वतःहून अर्ज करणाऱ्या डॉक्टराच्या वाटेत येऊ नका. गरीब देशात शिकलेल्या प्रत्येक डॉक्टरामागे, तो ज्या देशात कामाला लागला त्या देशाने त्याच्या शिक्षणाचा खर्च मूळ देशातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना द्यावा. ही रक्कम मदतीच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून वळती करू नये, वेगळी द्यावी, आणि ती शक्यतो विशेष शिक्षणाच्या जागांवर खर्च व्हावी, कारण घानात टिकले ते त्या जागांमुळे. काही मंत्री म्हणतील, बाहेर गेलेले डॉक्टर घरी पैसे पाठवतात, त्यातून भरपाई होतेच. ते पैसे त्यांच्या आईवडिलांना आणि भावंडांना जातात. जिल्हा रुग्णालयाला त्यातून भूलतज्ज्ञ मिळत नाही.

गरीब देशांच्या मंत्र्यांकडेही मागणी आहे. कितीतरी देशांत कॉलेजातून बाहेर पडलेले तरुण डॉक्टर बेकार बसून आहेत, कारण टंचाई असूनही सरकारकडे पदं मंजूर नाहीत. हे चालू असताना परदेशाकडे बोट दाखवता येत नाही. पदं भरा, पगार महिन्याच्या महिन्याला द्या, रुग्णालयात हातमोजे आणि ऑक्सिजन ठेवा.

पुढच्या मे महिन्यात आपल्या देशाचं निवेदन वाचायला उभे राहाल तेव्हा ते चार आकड्यांनी सुरू करा: गेल्या वर्षी आपल्या कॉलेजांतून किती डॉक्टर बाहेर पडले, बाहेरून किती घेतले आणि कुठल्या देशांतून, त्या देशांना किती रक्कम दिली, आणि आपल्या देशातल्या किती जिल्ह्यांत आज सिझेरियन करू शकणारं एकही माणूस नाही. पहिले तीन आकडे आपल्या मंत्रालयाकडे आणि परवाना देणाऱ्या परिषदेकडे असायला हवेत. चौथा नसेल तर येत्या वर्षात गोळा करा.

कळावे,

आपली,
एक नागरिक